मंडळीचे वीजबिल कोणी भरायचे?

आमच्या इंदूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, गेले दोन महिने एकच वाद पेटला आहे. वार्षिक सभेपुढे प्रस्ताव आहे तो असा: ज्या घरांची मासिक वर्गणी सहा महिन्यांहून जास्त थकली आहे, त्यांची नावे चर्चच्या दाराशी फलकावर लावायची, आणि थकबाकी चुकती केल्याशिवाय बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नासाठीचे पत्र आणि कबरस्तानात जागा द्यायची नाही. प्रस्तावाच्या बाजूचे लोक बायबलमधले मलाखी संदेष्ट्याचे पुस्तक उघडून बोलतात: तुम्ही देवाला ठकवता आहात, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणा. विरोधातले लोक मिशनच्या जमिनींकडे बोट दाखवतात: एवढी मालमत्ता पडली आहे, आमच्या आईवडिलांकडे कधी कोणी काही मागितले नाही, मग आताच आमच्या खिशात हात कशाला? उपासना संपली की आवारातल्या कडुनिंबाखाली दोन घोळके उभे राहतात आणि तेच तेच बोलतात. चहा गार होतो, वाद होत नाही.

मी या मंडळीची तीन वर्षे खजिनदार होते. रविवारी अर्पणाची थैली रिकामी करून नोटांच्या घड्या उलगडायच्या, नाणी रचायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि सोमवारी बँकेत जायचे, हे काम मी केले आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते: या वादात दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या आहेत. मंडळीने सभासदांकडे पैसे मागितलेच पाहिजेत. उघडपणे, आकडा सांगून, आणि सगळ्यांकडे, गरिबांकडेसुद्धा. पण ज्या दिवशी ती धाक दाखवून मागेल, त्या दिवशी ती मागण्याचा हक्क गमावेल. या दोन वाक्यांचा एकमेकींशी झगडा आहे असे अनेकांना वाटते. मला वाटत नाही.

आधी जमिनीचे बघू, कारण तो मुद्दा अगदीच पोकळ नाही. वर्गणीचा कंटाळा आमच्यात आपोआप आलेला नाही, त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसे १८७७ साली इंदूर आणि महूला आली. दहा वर्षांनी, १८८७ साली, इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. शाळा, दवाखाने, वसतिगृहे माळव्यात पसरत गेली. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांना पहिले छप्पर मिळाले ते मिशनचे. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. पगार मिशनचा, राहायची खोली मिशनची, मुलांची फी मिशनची, आणि रविवारी जे पाळकसाहेब उपदेश करायचे त्यांचा पगारही मिशनचाच. अशा घरात वाढलेल्या माणसाला चर्च म्हणजे सरकारी विहीर वाटली तर नवल काय? पोहरा आपला, पाणी आपले, पण विहीर उपसायची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी.

पण मिशनचा पैसा म्हणजे तरी काय होता? तो टोरांटोच्या टांकसाळीत पडत नव्हता. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये थैली फिरायची. तिथल्या बायका आपल्या महिला मंडळांत थोडे थोडे जमवायच्या, आणि ते इंदूरला यायचे. म्हणजे 'पूर्वी कोणी मागत नव्हते' हे खरे नाही. मागितले जात होते आणि दिलेही जात होते. फक्त देणाऱ्यांत आपण नव्हतो. कधी इंदूर न पाहिलेल्या बाईने माझ्या आजीच्या चर्चमधल्या कंदिलाच्या तेलाचे पैसे भरले. त्या बाईला कोणी 'थकबाकीदार' म्हटले नव्हते. ती देत होती आणि मी, जी त्या दिव्याखाली बसून शिकली, मी 'मालमत्ता आहे ना' म्हणून हात झटकावेत?

त्या मालमत्तेचे काय, असे विचारणाऱ्यांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करते. उत्तर भारतात मिशनच्या जमिनींचे जे झाले ते लाजिरवाणे आहे. कुठे कवडीमोलाने विकल्या गेल्या, कुठे भाडेपट्टे कोणाच्या सहीने झाले हे कळत नाही, कुठे खटले पिढ्यानपिढ्या चालू आहेत. हे सगळे पाहिलेल्या माणसाने शंका घेतली तर तो अविश्वासू ठरत नाही. पण या शंकेतून 'म्हणून आम्ही देणार नाही' हा निष्कर्ष निघतो कसा? उलट बघा. जमीन विकून चालणारे चर्च म्हणजे बियाणे दळून भाकरी थापणारे घर. एक वर्ष पोट भरते. आणि दुकानाच्या भाड्यावर चालणाऱ्या चर्चमध्ये पाळकाला मंडळीपेक्षा भाडेकरूची मर्जी जास्त सांभाळावी लागते. ज्या कारभाऱ्यांना सभासदांच्या रुपयाची गरजच पडत नाही, त्यांना सभासदांच्या प्रश्नाची गरज का पडावी? जमिनींचा गैरव्यवहार फोफावला तो वर्गणीवर चालणाऱ्या मंडळ्यांमुळे नव्हे. जिथे सभासद फक्त येऊन बसणारे राहिले, तिथे तो फोफावला.

इंग्रजांच्या काळातले एक उदाहरण या गोष्टीला नेमके लागू पडते. महूसारख्या छावण्यांत गोऱ्या साहेबांसाठी चॅप्लेन, म्हणजे सरकारी धर्मगुरू, असत आणि त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर इथल्या रयतेच्या करातून होई. त्या चर्चना वर्गणीची चिंता नव्हती. १९२७ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चशी असलेले सरकारी नाते तोडण्याची व्यवस्था झाली, १९३० मध्ये ते तुटले आणि स्वातंत्र्यानंतर तो खर्चाचा विभागही बंद पडला. साहेब मायदेशी गेले. उंच मनोरे, रंगीत काचा, पितळी पाट्या मागे राहिल्या, आणि त्यांच्या गळक्या छपरांचा खर्च उचलायला मूठभर देशी घरे. दुसऱ्याच्या पैशावर उभारलेली इमारत वारशाने मिळते, सवय वारशाने मिळत नाही. ती स्वतःलाच लावून घ्यावी लागते.

हे आपल्याच माणसांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९०५ साल आठवा. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची लाट आली होती, आणि त्याच वर्षीच्या नाताळाच्या दिवशी श्रीरामपूरला, बंगालमधल्या श्रीरामपूरला, भारतीय ख्रिस्ती लोकांनी राष्ट्रीय मिशनरी सोसायटी काढली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, हे तिचे सूत्र. आणि आपले नारायण वामन टिळक? नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये इतकी वर्षे काढून त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. वयाची पन्नाशी उलटल्यावर हक्काच्या पगारावर पाणी सोडणे सोपे नव्हते. त्यांची अभंगरचना आपण तबला-पेटीवर मोठ्या प्रेमाने गातो. तो माणूस पगार सोडून का उठला, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

आता दुसरी बाजू, मलाखीवाली. ती मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्या हातात शास्त्र आहे आणि ती ते अर्धेच वाचते. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले 'देवाला ठकवता' हे आठवे वचन आमच्याकडे मुलांनाही पाठ आहे. त्याच अध्यायातले पाचवे कोणी म्हणून दाखवेल? मजुराची मजुरी दाबणारे, विधवा आणि अनाथांना गांजणारे, परक्याचा हक्क हिरावणारे, यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला मी येतो, असे तिथे देव म्हणतो. त्याआधीचे दोन अध्याय तर थेट याजकांवर, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांवर, कोरडे ओढतात: आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर चालवून घेणाऱ्या याजकांवर. म्हणजे संदेष्ट्याने आधी कारभारी धरले, मग मजुरी बुडवणारे धरले, आणि त्यानंतर दशमांशाची गोष्ट काढली. आपण मात्र सरळ वर्गणीवहीपासून सुरुवात करतो. आणि दशमांश कशासाठी होता? नियमशास्त्रात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा. मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्याने, परदेशीयाने, अनाथाने, विधवेने तो पोटभर खायचा. ज्यांच्यासाठी भांडार भरायचे त्यांचीच नावे थकबाकीच्या फलकावर लावणे ही कुठल्या शास्त्राची आज्ञा?

सक्तीच्या देणगीचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. आयर्लंडमध्ये कॅथलिक कुळांकडून प्रोटेस्टंट चर्चसाठी दशमांश वसूल केला जाई. शेतकऱ्याची गाय ओढून न्यायला पोलीस यायचे. १८३० च्या दशकात त्यावरून रक्त सांडले आणि शेवटी सरकारला कायदा बदलावा लागला. जर्मनीत आजही सभासदांकडून प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के इतका चर्चकर सरकार कापून घेते. चर्चची तिजोरी भरते यात शंका नाही. पण २०१२ साली तिथल्या कॅथलिक बिशपांनी जाहीर केले की, कर टाळायला नोंदणीतून नाव काढणाऱ्याला संस्कार मिळणार नाहीत. लोक घाबरून परत आले का? २०२२ या एकाच वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी तिथे नाव काढून घेतले. बाहेर पडणाऱ्यांना कारणे अनेक होती, कर हे एकच नव्हे. पण दाखला रोखण्याच्या भीतीने माणसे टिकत नाहीत एवढे तरी यातून दिसावे. आमच्या प्रस्तावात त्या जर्मन आदेशाचीच छोटी आवृत्ती आहे, फरक इतकाच की ती कबरस्तानापर्यंत जाते.

कबरस्तानाबद्दल मला थोडे थांबूनच बोलायचे आहे. हे शहर गिरणीचे आहे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या हजारो कामगारांची हक्काची देणी सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे. वाट पाहता पाहता कितीतरी जण गेले. आमच्या मंडळीतही गिरणीतली घरे आहेत. त्यांच्या वर्गणीच्या पानावर मोठ्या मोठ्या रिकाम्या जागा आहेत, मी त्या पाहिल्या आहेत. आणि त्याच पानांवर मधूनच, ऑक्टोबरात किंवा हंगामाच्या सणाला, एखादी दहाची किंवा वीसची नोंद आहे. ज्याची मजुरी सगळ्या जगाने थकवली, त्याच्या मयतीला आपण थकबाकी विचारणार? मी त्या सभेत मतदानाला असेन आणि हात खाली ठेवीन. मयतीला थकबाकी विचारणे हे पोट भरलेल्या माणसाचे शास्त्र आहे.

इथे कोणी म्हणेल, मग गरिबांना वगळा. ज्यांना जमते त्यांनी द्यावे, बाकीच्यांकडे थैली नेऊच नका. हा सगळ्यात दयाळू वाटणारा आक्षेप आहे आणि मला वाटते सगळ्यात घातक. विरोधी बाजूतली भली माणसे हेच म्हणतात, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातली विधवा आपल्याला ठाऊक आहे. दोन टोल्या म्हणजे एक दमडी टाकणारी. तिच्या आधीच्याच वाक्यात येशू म्हणतो की शास्त्री विधवांची घरे खाऊन टाकतात. दोन्ही वाक्ये एका श्वासात आहेत, म्हणून तिच्या दमडीचे कौतुक सांगून दुसऱ्या विधवेवर दडपण आणणाऱ्याने आधी स्वतःकडे बघावे. हे कबूल. पण येशूने तिला अडवले नाही हेही तिथेच आहे. 'बाई, तू राहू दे' असे तो म्हणाला नाही. त्या मंदिरात तिचा हिस्सा आहे, श्रीमंतांइतकाच, हे त्याने शिष्यांना बोलावून दाखवले.

माझी आजी रोज भात टाकण्यापूर्वी तांदळाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. पत्र्याचा डबा, झाकणाला खिट्टी. त्याला घरात 'प्रभूचा डबा' म्हणत. शनिवारी तो डबा महिला संघाकडे रिकामा व्हायचा आणि ते तांदूळ आवारातल्या कुठल्यातरी अडलेल्या घरी जायचे. आजोबा आजारी पडून घरी बसले त्या वर्षी तेच तांदूळ आमच्याकडे आले. आजी ते घ्यायची, आणि त्यातलीच एक मूठ पुन्हा डब्यात टाकायची. लहानपणी मला हा वेडेपणा वाटे. पुढे कळले की मिझोरममधल्या ख्रिस्ती बायकांनी १९१० च्या सुमारास हीच रीत सुरू केली; दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला, आठवड्याला गोळा. त्या डोंगरी, गरीब लोकांनी या मुठीवर आपले प्रचारक पोसले आणि आज ती मूठ कोटींची रक्कम उभी करते. आणि मिझोरमला तरी का जावे? रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे उभी करताना कर्मवीर भाऊराव पाटलांनी गावोगाव मुष्टिफंड मागितला, तो शेतकऱ्यांकडे आणि मजुरांकडेच. पैसा फंडाने एकेक पैसा मागून तळेगावला काचेचा कारखाना काढला, १९०८ मध्ये. दिंडीत चालणारा वारकरी भिशी भरतो आणि मग पंगतीला ताठ मानेने बसतो. 'तू गरीब आहेस, तू देऊ नकोस' याचा अर्थ ऐकणाऱ्याला 'तू या घरातला नाहीस' असाच लागतो. बायबलमधल्या मकदुनियातल्या मंडळ्या अठराविश्वे दरिद्री होत्या आणि त्यांनी प्रेषित पौलाला विनवून, आग्रह करून यरुशलेमेसाठी मदत दिली. पौल त्यांना नको म्हणाला नाही.

तेव्हा मागायचे सगळ्यांकडे; आणि डबा रिकामा होऊन कोणाकडे जातो हेही सगळ्यांना दिसले पाहिजे. आजीच्या डब्यात ही दुसरी गोष्ट होती, म्हणून पहिली शोभत होती. आमच्या मंडळीच्या अंदाजपत्रकात मी खजिनदार असताना अडलेल्या घरांसाठी वेगळी ओळच नव्हती. ती मी घालू शकले नाही, ही माझी चूक आहे आणि ती मला बोचते.

आता हिशोबाचा मुद्दा. 'आधी हिशोब दाखवा, मग मागा,' असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, फक्त 'आधी' आणि 'मग' या दोन शब्दांशी आहे. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात योवाश राजाची गोष्ट आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी येणारा पैसा याजक घेत होते आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एक भेग बुजली नव्हती. लोकांनी तेव्हा देणे बंद करायला हवे होते का? राजाने केले ते असे: याजकांना सांगितले, आता तुम्ही परस्पर पैसे घेऊ नका. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले, ती वेदीशेजारी ठेवली. पेटी जड झाली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघे मिळून मोजत आणि रक्कम काम पाहणाऱ्यांच्या हातून सुतार-गवंड्यांकडे जाई. अविश्वासावरचा उपाय पेटी बंद करणे हा नव्हता. पेटी सगळ्यांसमोर आणणे आणि मोजायला दोन हात लावणे हा होता. पौलानेही वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. लाल चर्चकडे जाणाऱ्या आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या १९८३ च्या धर्मकायद्यात तर प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे स्थानिक चर्चला, अर्थसमिती सक्तीची आहे आणि भाविकांच्या अर्पणाचा हिशोब भाविकांना द्यायचा आहे. म्हणजे हिशोब देणे ही नव्या जमान्याची फॅशन किंवा पाळकावरचा अविश्वास नाही, हा धर्माचाच भाग आहे. पण तो मागायला जागेवर उभे राहावे लागते. तीन वर्षांत माझ्याकडे वह्या बघायला जे सभासद आले ते सगळे नेमाने देणारे होते. जे देत नव्हते त्यांनी हिशोब मागितला तो कडुनिंबाखाली, वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीत, कधी नाही. देणाऱ्याच्या प्रश्नाला धार असते.

याच शहरात राहून आपण हे कसे विसरतो याचे मला आश्चर्य वाटते. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरे, अन्नछत्रे उभारली ती दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, आपल्या खासगीतून. दौलतीचा पैसा राज्याचा, खासगीचा आपला. आपले दान आपल्या पैशातून झाले पाहिजे, हा भेद त्यांनी आयुष्यभर पाळला. मिशनची जमीन ही आमची दौलत आहे, पुढच्या पिढ्यांची. अर्पण खासगीतूनच व्हायचे. आणि अगदी आजचे उदाहरण हवे तर सकाळी दारात येणारी कचरागाडी घ्या. २०१७ पासून स्वच्छतेत पहिले आलेल्या या शहरातली माणसे कचऱ्याचे मासिक शुल्क भरायला शिकली, कारण गाडी रोज आली. अर्थात चर्च म्हणजे नगरपालिका नव्हे. पैसे दिले म्हणून सेवा मिळाली पाहिजे, असा ग्राहक चर्चमध्ये नसतो; आपणच गाडी आणि आपणच रस्ता. तरीही रोज येण्याचे महत्त्व तिथून शिकण्यासारखे आहे. पाळक आजारी माणसाच्या खाटेजवळ पोहोचला तर वर्गणी मागायला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांना तोंड राहते.

'शंभर पेरा, हजार कापा' असे सांगून पैसे गोळा करणाऱ्या सभांबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की तो देवाशी केलेला सौदा आहे आणि आपल्या वेदीवरून तो कधीही होऊ नये. 'मी थेट गरिबाला देतो, चर्चला कशाला?' असे म्हणणाऱ्याने जरूर द्यावे. पण रविवारी ज्या बाकावर तो बसतो त्याचा सुतार कोणीतरी भागवला आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि पौल तंबू शिवून पोट भरत होता म्हणून आमच्या पाळकानेही नोकरी करावी, हे म्हणणाऱ्यांनी बायबलमधले नहेम्याचे पुस्तक वाचावे. लेव्यांचा वाटा मिळेना तेव्हा ते आपापल्या शेतावर निघून गेले आणि देवाचे मंदिर ओस पडले. नहेम्याने जाब लेव्यांना विचारला नाही, अधिकाऱ्यांना विचारला. मग विश्वासू म्हणून नावाजलेले खजिनदार नेमले. पौलानेही आपला हक्क आधी स्पष्ट मांडला आणि मग स्वतःहून सोडला. दुसऱ्याचा हक्क आपण त्याच्या वतीने सोडायचा नसतो.

परदेशी देणग्यांचे नियम २०२० साली आणखी कडक झाले, कारभाराच्या खर्चावरची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, एका संस्थेने दुसरीला पैसे देणे बंद झाले. याने अनेक दवाखाने आणि वसतिगृहे अडचणीत आली आणि ते दुःखाचे आहे. पण आमचे वीजबिल, झाडू मारणाऱ्या बाईचा पगार, पाळकसाहेबांच्या मुलीची फी यांचा संबंध कुठल्याच परदेशी खात्याशी असायचे कारण नव्हते. साधा हिशोब करू. समजा मंडळीत शंभर घरे आहेत आणि महिन्याचा सगळा खर्च, डागडुजीचे बाजूला टाकून, पन्नास हजार आहे. घरटी पाचशे होतात. समजा त्यातल्या तीस घरांना शंभरच जमतात; मग उरलेल्या सत्तर घरांना पावणेसातशेच्या आत भागते. सराफ्यातल्या खाऊगल्लीत एका संध्याकाळी चौघांनी खाल्ले की याच्या आसपास जाते. हा आकडा आमच्या मंडळीत वेदीवरून कधी कोणी उच्चारलाच नाही. संकोच वाटतो म्हणे. उपदेशात नरकाबद्दल बोलायला संकोच नाही आणि वीजबिलाबद्दल आहे?

म्हणून सभेत मी प्रस्तावाला दुरुस्ती सुचवणार आहे. फलक लावायचाच आहे ना, लावा, त्याच दाराशी, त्याच खिळ्यावर. त्यावर महिन्याची गरज किती, आले किती, गेले कुठे, अडलेल्या घरांना किती, एवढे चार आकडे लिहा. नाव कोणाचेच नको. थकबाकीच्या वह्या वडिलांनी दोघा-दोघांनी घरी जाऊन वाचाव्यात, आणि वाचण्याआधी त्या घराची चूल पेटते आहे का ते पाहावे. दाखला, लग्न आणि माती यांचा वर्गणीशी संबंध जोडणारे वाक्य पूर्ण काढून टाकावे. आमच्या घराच्या लिफाफ्यावर गेली सहा वर्षे एकच आकडा आहे. मधल्या काळात आमचा पगार वाढला, तो आकडा वाढला नाही. हे लिहिण्याआधी तो आम्ही दोघांनी बसून बदलला. सभा येत्या रविवारी दुसऱ्या उपासनेनंतर आहे, आणि मी वह्या घेऊन वेस्ट्रीत तासभर आधी बसणार आहे. ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी यावे.